बांधावरची रुंद चाकं

फटकामामाला दार उघडता येत नसे. तो ते ढकलायचा, आणि दार भिंतीवर आपटून मागे येईपर्यंत हा स्वयंपाकघरात पोचलेला असायचा. घरातली एकही कडी धड नव्हती. नळ तो असा आवळायचा की पुढच्या माणसाला पाना शोधावा लागे. कपबश्या मामीनं केव्हाच हद्दपार केल्या होत्या. आम्ही सगळे स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायचो आणि त्या पेल्यांनाही पोचे होते. माझे बाबा गेले तेव्हा आई मला घेऊन माहेरी आली, उरणच्या खाडीकाठच्या गावात. पहिल्याच दिवशी मामानं मायेनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी ओटीवरून थेट अंगणात पडले. "हिला खायला घाला गो," तो आईवर ओरडला, "वारा आयला तं जाईल ही."

फटकामामा हे नाव गावानं दिलेलं. खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं त्याला फक्त कोर्टात भेटत. बंदरावर त्याचे ट्रेलर चालायचे आणि त्या धंद्यात नुसतं गोड बोलून भागत नाही हे खरं. पण मामाला मुळात गोड बोलून पाहणंच मान्य नव्हतं. "ज्याला बोलून समजतंय त्याशी बोलावं," तो म्हणायचा, "पन तसा मानूस मना आजून गावला नाय." एकदा त्याचा एक ड्रायव्हर पिऊन ट्रेलर चालवताना सापडला. मामानं त्याला कॉलर धरून केबिनमधून खाली ओढला आणि ढाब्यासमोर बडव बडव बडवला. संध्याकाळी ड्रायव्हरचे भाऊबंद सळया घेऊन आले. मामा घरी परतला तो डोकं फुटलेलं, शर्ट रक्तानं अंगाला चिकटलेला, आणि चेहऱ्यावर जत्रेहून आलेल्या माणसाचा आनंद. मामी जखमेत हळद दाबत होती आणि हा कोण कुठून आला, कुणाला कुठे बसली, ते हातवारे करून आम्हाला सांगत होता. पुढे त्याच ड्रायव्हरला दारू सोडवायला यानंच दाखल केलं. वाटेत आणखी दोन लगावल्या, ते वेगळं.

मामीचं काय, असं कुणीही विचारील. लपवून ठेवण्यासारखं काही नाही. एका दुपारी जिताडा माशाच्या कालवणात मीठ जास्त पडलं म्हणून मामानं आमच्या सगळ्यांच्या देखत तिच्या मुस्काटात मारली. मामीनं पदराला हात पुसले. पाट्यावरचा वरवंटा उचलला, अंगणात गेली आणि मामाच्या जीपची पुढची काच फोडली. मग दारात उभी राहून विचारलं, "आजून येक फटका हाय काय तुजा?" मामा काचेच्या चुऱ्याकडे बघत राहिला. त्यानंतर त्यानं ताटं फेकली, वाट्या फेकल्या, पण मामीवर हात टाकला नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. त्या घरात माया आणि भीती एकाच ताटात वाढली जायची, निवडून खायची सोय नव्हती. मी दोन्ही खाल्ल्या आणि मोठी झाले.

माझ्यावर त्याचा जीव होता. मी कॉलेजात असताना स्टॉपवर एका टग्यानं माझी ओढणी ओढली, तर मामानं त्याची मोटरसायकल दोन्ही हातांनी उचलून खाडीत टाकली. टग्याला बोटही लावलं नाही. "तुला मास्तरीन व्हायचंय," मला म्हणाला, "घरात पोलीस केस नको." मला गाडी चालवायलाही त्यानंच शिकवलं. क्लच चुकला की टपली, गिअर खरखरला की टपली. शिकून झालं तेव्हा माझं डोकं ठणकत होतं, पण गाडी मी आजही झकास चालवते. पुढे मी खरंच पनवेलला शाळेत लागले, आणि तेव्हापासून तो मला नावानं हाक मारायचा बंद झाला. मास्तरीनच झाले.

मग त्यानं ती काळी, उंच गाडी घेतली. 'एसयूव्ही' हा शब्द त्यानं कधी उच्चारला नाही. ती त्याची 'गारी' होती. पूजेच्या वेळी त्यानं नारळ असा फोडला की करवंटीचा तुकडा भटजींच्या भुवईला लागला. गाडीचा तो लाड करायचा, म्हणजे तिची दारं इतर दारांपेक्षा जरा हळू आपटायचा. सगळं ठीक चाललं होतं, पण एका हळदीला पलीकडच्या गावचा एक पाहुणा तसलीच गाडी घेऊन आला. त्यानं कंपनीची चाकं काढून अठरा इंची अलॉय आणि बॉडीच्या बाहेर येणारे रुंद टायर बसवले होते. दोन्ही गाड्या मांडवाबाहेर शेजारी शेजारी उभ्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "मामा, तुमची गारी उकिडवी बसली काय वो?" फटक्याचा आवाज डीजेच्या वरून ऐकू आला. हळद तिथंच थांबली. पण तो शब्द मामाच्या मनातून गेला नाही.

दुसऱ्या कुठल्याही गावात हा एका माणसाचा हौसेचा प्रश्न ठरला असता. आमच्याकडे तो सगळ्या गावाचा होता, कारण आमचं गाव बांधावर जगतं. खाडी आणि भातशेती यांच्या मध्ये मातीचा एक लांबलचक बांध आहे. खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढची काही वर्षं त्या जमिनीत भाताचं नाव काढायचं नाही. बांधाची राखण सगळे शेतकरी मिळून करतात. त्या जुन्या रीतीला आमच्याकडे जोळ म्हणतात. बांधाच्या तोंडाशी माझ्या आजोबांनी दोन काळे दगड उभे पुरलेले होते. दुरुस्तीच्या मातीची बैलगाडी त्यांतून जाईल, त्याहून रुंद काही जाणार नाही, असं त्यांचं माप. मामाचं जिताड्यांचं तळं बांधाच्या दुसऱ्या टोकाला होतं. आरसे दुमडून त्याची गाडी दगडांमधून कशीबशी निघायची आणि बांधाच्या मधल्या घट्ट मातीवरून जायची. चाकं बाहेर आली असती तर दगडांत अडकली असती. म्हणजे मोठी चाकं लावायची तर आधी बापाचा दगड फोडायचा.

आणि बांधाची राखण त्या वर्षांत धाकट्या मामाकडे होती. हा फटकामामाचा सख्खा भाऊ, पण एकाच आईच्या पोटी असं कसं निपजलं याचं गावाला कोडं. धाकटा मामा चालताना गवतही दबत नसे. बोलायचा तर समोरच्याला कान पुढे करावा लागे. त्या पावसाळ्यात फटकामामाची गाडी बांधावर चिखलात रुतली, आणि धाकट्यानं ट्रॅक्टर लावून ती सगळ्या गावादेखत बाहेर काढली. एक शब्द बोलला नाही. तेच मामाला जास्त लागलं. रुंद चाकं असती तर रुतली नसती, हा नवा मुद्दा त्याला मिळाला. तो रोज बांधाच्या तोंडाशी जाऊन दगडांमधलं अंतर दोरीनं मोजायचा, जणू रात्रीतून ते वाढणार होतं.

एक दिवस धाकटा तिथं आला. म्हणाला, "दादूस, चाक बाहेर आयला तं बांदाचा काठ खाईल. मधी माती दाबलेली हाय. काठाला वजन दिलास तं ढासलंल."

"बांद बापाचा हाय," मामा म्हणाला, "तुजा नाय."

"बापाचा हाय म्हनून तं बोलतंय."

एवढंच झालं. मामाच्या हातात चाकाचा पाना होता. तो त्यानं भावाच्या खांद्यावर घातला आणि गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज पलीकडे नांगरणाऱ्या माणसाला ऐकू गेला, असं तो माणूस अजून सांगतो. दवाखान्यात पोलीस आले तेव्हा धाकट्यानं जबाब दिला, "पाय घसरला." हे ऐकून मामा आणखीच पेटला. "मारला मी, आनि यो सांगतंय घसरला! माजी काय इज्जत हाय का नाय?" असं ओरडत त्यानं घरातला पंखा पाडला. त्या दिवशी मला त्याचा खरोखर तिरस्कार वाटला. तो दोनतीन आठवडे टिकला.

मग त्याचा फोन आला. "मास्तरीन, ये. चाकं घ्यायचीत. तू शिकलेली हायस, तू बग." हायवेवरच्या टायरच्या दुकानात आम्ही गेलो. दुकानदार मुंबईच्या वळणाचा, बोलायला मोकळा. "सेठ, लुक एकदम खतरनाक होणार," तो म्हणाला, "पण आधीच सांगतो. स्टेअरिंग पूर्ण काटलं की टायर आतून घासणार. ब्रेक लांबून लागणार. अ‍ॅव्हरेज पडणार. आणि चाक बॉडीच्या बाहेर दिसणार." मामानं फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. दुकानदारानं एका बाजूची दोन्ही चाकं बसवून दाखवली. स्टेअरिंग वळवलं तसा टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला करकरून घासला. "ये कापावं लागेल," दुकानदार म्हणेपर्यंत मामानं हात घालून ते प्लास्टिक ओरबाडून बाहेर काढलं होतं. त्याच्या नखांतून रक्त येत होतं.

"मामा," मी म्हटलं, "यात विचारायचं काय आहे? गाडी चांगली चालतेय. तुला चाक हवंय की भाऊ, तेवढं ठरव."

तो गाडीभोवती फिरला. एका बाजूनं जुनी चाकं, दुसऱ्या बाजूनं नवी. मग तो रस्त्याकडेला उकिडवा बसला आणि चाकं बघत राहिला. इतका शांत मी त्याला कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, हा आता उठेल आणि म्हणेल, काढ ती. खरंच वाटलं.

"गारी उभी दिसतंय नं गो?" त्यानं विचारलं.

खोटं बोलणं मला जमलं नाही. दिसत होती. "दिसते," मी म्हटलं.

"मंग लाव रे दोनी बाजूला."

मी त्याच्या गाडीत बसले नाही. एसटीनं घरी गेले आणि वाटभर मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. त्या शिव्याही त्यानंच शिकवलेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घण घेऊन बांधाच्या तोंडाशी गेला. सगळं गाव जमलं. धाकटा मामा गळ्यात हात अडकवलेला, दगडाच्या पलीकडे उभा होता. "बाजूला हो," मामा म्हणाला. तो झाला नाही. मामानं घण घातला. काळ्या दगडाच्या ठिकऱ्या उडाल्या, त्यातली एक धाकट्याच्या कपाळात घुसली आणि रक्त डोळ्यात उतरलं, तरी तो हलला नाही. मामाही थांबला नाही. घणाचे घाव पडत राहिले आणि शेवटी दगड गुडघ्याएवढा उरून वरचा तुकडा खाडीच्या बाजूला कोसळला. मग मामानं गाडी सुरू केली. धाकटा अंग चोरून काठाला चिकटला, आणि ती चाकं त्याच्या पायाला घासत बांधावरून निघून गेली. गावात कुणी मामाशी बोलेनासं झालं. त्याची त्याला पर्वा नव्हती, किंवा नसल्याचं तो घसा फोडून सांगत होता.

पुढचा पावसाळा जोराचा लागला. चाकांनी दोन्ही काठांना चर पाडले होते, त्यांत पाणी मुरत होतं. धाकटा मोडक्या खांद्यानं टोपली टोपली माती घालत राहिला. श्रावणातल्या अमावस्येला उधाण आलं, वर नैर्ऋत्येचा वारा. मी सुट्टीला गावातच होते. सकाळी जेवणाच्या आधी आरोळी उठली, "खांड गेली रे, खांड!" बांध फुटला होता. आम्ही धावलो. जिथं मामाची गाडी वळण घ्यायची तिथंच भगदाड पडलं होतं, आणि खाडीचं गढूळ पाणी गुरगुरत आत, धाकट्या मामाच्या नुकत्याच लावलेल्या शेतात कोसळत होतं. दर क्षणाला कडेची माती ढेकळाढेकळानं जात होती. एक शेत बुडालंच होतं. खांड रुंदावली असती तर गावाचं गाव गेलं असतं.

जोळाची एक रीत आहे. ज्याच्या चुकीनं खांड पडली, त्यानं पाण्यात उतरून पहिला खुंट धरायचा. ज्याचं शेत आधी बुडालं, त्यानं त्यावर घण मारायचा. तो खुंट बसला की मग बाकीच्यांनी उतरायचं. कुणी मामाला सांगितलं नाही. फक्त सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं शर्ट काढून फेकला, खांद्यावर लाकडाचा तो जाड खुंट घेतला आणि छातीभर पाण्यात शिरला. पाणी त्याला ढकलत होतं, तो त्याला शिव्या देत पाय रोवत होता. धाकटा मामा तुटलेल्या काठावर उभा राहिला आणि त्यानं घण उचलला.

खाली भावाचं डोकं, शेजारी खुंटाचं. दोन्हींत वीतभर अंतर. मला खात्री वाटली की हा आता डोक्यावरच घालणार. आणि खरं सांगते, त्या घटकेला मी त्याला दोष दिला नसता.

"मार," मामा खालून ओरडला. "हाललं तं तुजा हात हालंल. माजा नाय."

पहिले घाव नीट बसले. पण वाकडं जुळलेलं हाड ते, किती सोसणार? घण वर गेला, खांदा लचकला आणि घण खुंटावरून घसरून मामाच्या उजव्या हातावर आला. तो आवाज मी विसरलेले नाही. खुंटावरून रक्त ओघळलं आणि पाण्यानं ते लगेच ओढून नेलं. धाकट्याचा हात हवेतच गोठला. मामाचा चेहरा राखेसारखा झाला, पण त्यानं तोच चेचलेला हात, वर छाती लावून, खुंटाला दाबून धरला होता.

"थांबलास कशाला रे? खुंट बसला नाय आजून!"

धाकटा ढसाढसा रडत घण मारत होता. खुंट बसेपर्यंत मारत राहिला. मग माणसं पाण्यात कोसळली; खुंट, पोती, पेंढा, चिखल, जे हाताला लागेल ते आत गेलं. ओहोटी लागली आणि खांड दाबली गेली. गाव वाचलं. धाकट्याचं शेत मात्र खारं झालं.

मामाची दोन बोटं दवाखान्यात काढली, उरलेली पुन्हा कधी मुठीत वळली नाहीत. शुद्धीवर येताच मला म्हणाला, "मास्तरीन, ती चाकं काढ गारीची." मी विचारलं, विकून टाकू का? "विकू नको. दुसऱ्या कोनाचा तरी बांद खातील." जुनी चाकं परत बसली. रुंद टायरांत मामीनं अळू लावलं. भाऊ भाऊ त्यानंतर गळ्यात गळे घालून बसले, असं काही झालं नाही. पण जोवर ते शेत खारट होतं, तोवर दर हंगामाला मामा स्वतःच्या भाताची पोती धाकट्याच्या दारात नेऊन आपटायचा आणि एक शिवी देऊन निघून यायचा.

तुटलेल्या दगडाच्या जागी नवा बसवू, असं गाव म्हणालं तेव्हा त्यानं साफ नकार दिला. "मी हाय नं," म्हणाला. आणि खरंच, रोज सकाळी तो त्या गुडघ्याएवढ्या खुंटावर, दगडाच्याच, जाऊन बसू लागला. डाव्या हातानं दगड मारायला शिकला. मोटरसायकलवाले उतरून गाडी ढकलत न्यायचे. प्लॉट बघायला आलेल्या एका जीपचे दोन्ही दिवे त्यानं फोडले. बांधावर पुन्हा रुंद चाक चढलं नाही.

गेल्या वर्षी तो तिथंच गेला, सकाळी, बसल्या बसल्या. मामी सांगते, तोंड अर्धं उघडं होतं, कुणाला तरी शिवी देताना असतं तसं. धाकटा मामा स्मशानात रडला नाही. कवटी फुटल्याचा आवाज झाला तेव्हा फक्त दचकला.

तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडून परत येत होतो. बांधाच्या तोंडाशी एक उंच गाडी उभी होती, रुंद चाकांची, बाहेरगावची. ड्रायव्हरनं इकडे तिकडे पाहिलं. दगडावर कुणी नव्हतं. त्यानं आरसे दुमडले आणि गाडी बांधावर घातली.

धाकटा मामा वाकला. आयुष्यात कुणावर बोट न उगारलेला माणूस, हाताला अजून राख, त्यानं रस्त्यावरचा दगड उचलला आणि फेकला. दगड धाडकन बॉनेटवर बसला. "मागं घे!" तो ओरडला. तो आवाज त्याच्या गळ्यातला नव्हता, निदान मी तरी कधी ऐकला नव्हता. "मागं घे, नायतं फोरून टाकीन गारी!"

गाडी मागे गेली, वळली, दिसेनाशी झाली. धाकट्यानं आमच्याकडे पाहिलं, जरा ओशाळला. मग तो तुटक्या दगडावर बसला आणि मोठ्यानं रडू लागला. मी त्याला घरी चल म्हटलं नाही.